खाजण ओलांडणारी गाडी

कमळ गोदामाच्या भिंतीच्या कडेने चालत आली तेव्हा तिच्या पिशवीत नारळ होता, हळदकुंकू होतं, आणि गाडी घ्यायची की नाही हे घरात अजून कुणीच ठरवलेलं नव्हतं. पण भावाच्या दारात नवं काही उभं राहायचं असेल तर बहिणीने रिकाम्या हाताने यायचं नाही, ही रीत. सून येवो, म्हैस येवो, गाडी येवो. आधी दारात थांबवायचं, पायांवर नाहीतर चाकांवर पाणी घालायचं, ओवाळायचं आणि मग आत घ्यायचं. गावोगावच्या मांडवांत धवले, लग्नाची गाणी, म्हणून म्हणून कमळचा गळा झिजला होता. हात मात्र अजून काही विसरले नव्हते.

भिंत संपता संपत नव्हती. पांढरी, उंच, वर काटेरी तार. पलीकडे मागे येणारे ट्रक पिप पिप करत होते. घराची जुनी डांबरी वाट ह्या भिंतीने गिळली त्याला आता चार पावसाळे झाले. भिंत संपली की बांध, बांध उतरला की खाजण, खाडीकाठची खोलगट खारी जमीन, आणि खाजणापलीकडच्या उंचवट्यावर चिंचेखाली हिरामणदादाचं घर. वळ गावातली सगळी घरं रस्त्याला सरकली. हे एकच मागे राहिलं, जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखं.

वैशाखाच्या उन्हाने खाजण वाळून भाजलेल्या पापडासारखं तडकलं होतं. कमळ तड्यांवरून चालली, आणि मध्यावर आल्यावर तिचं पाऊल आपोआप बाजूला पडलं. श्रावणात इथेच खुर्ची टेकवली होती. मांडीएवढ्या चिखलात चौघांनी उचललेली खुर्ची, तिच्यात छातीवर हात धरून बसलेली पार्वतीवहिनी. पुढे चाकं रुतवून बसलेला तिच्या पोराचा, प्रितमचा टेम्पो, त्याच्याही पुढे, भिंतीच्या टोकाला, लाल दिवा फिरवत थांबलेली अँब्युलन्स. दिसत होती. सगळ्यांना दिसत होती. वहिनीलाही दिसत होती.

अंगणात राखाडी पिकअप उभी होती. चार दारं, मागे हौदा, आणि गाडी म्हणावी तर इतकी उंच की कोंबड्या पोटाखालून मान वर करून चालल्या होत्या. सावळाराम आधीच येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. हिरामणचा धाकटा भाऊ. पुढची जमीन त्याच्या वाट्याला आली, ती त्याने गोदामवाल्याला विकली आणि कामतघरला पॉवरलूमचा गाळा घेऊन राहिला. पांढरा सदरा, पांढरी पँट, पायांतल्या चपला काढून मांडीवर धरलेल्या.

"आली का धवलारीण! अगं, अजून बघण्याचा कार्यक्रम चाललाय, तू डायरेक अक्षता घेऊन आलीस?"

"तुला तरी कोनी बोलावला?"

"मला प्रितमने बोलावला. जामीन ऱ्हायला काका लागतो ना."

"मग जामीन ऱ्हा. तोंड कशाला चालवतोस?"

हिरामण ओट्यावर खांबाला पाठ लावून बसला होता. बहिणीला पाहून त्याने नुसती मान हलवली. वहिनी गेल्यापासून त्याचं बोलणं विहिरीच्या तळाला गेलं होतं. फार दोर सोडावा तेव्हा घोटभर वर येई.

*

गाडी पडघ्याच्या मितेशची. जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकणारा तरुण माणूस. बोलताना टायरवर थाप मारायची सवय.

"प्रितमभाऊ, मी खोटं बोलणार नाही. रनिंग झालंय. आधीचा मालक मुरबाडच्या डोंगरात पोल्ट्रीवाला होता. पण हिची ताकद बघा. ही नॉब फिरवली की चारी चाकं. आणि लो गियर टाकला की भिंतीवर चढेल."

"भिंतीवर नको, भिंतीमागून आली तरी बास," सावळाराम म्हणाला आणि स्वतःच थोडा हसला. बाकी कुणी हसलं नाही. भिंत हा शब्द ह्या घरात त्याच्या तोंडून यायला नको होता.

प्रितम स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली सरपटला. खाडीकाठच्या माणसाने गाडी बघायची ती खालून. वरचा रंग लग्नातल्या पावडरीसारखा असतो. खारा वारा लोखंड खातो ते पोटातून. त्याने चेसिसवर टोचून पाहिलं. पोपडे निघत होते, पण भोक कुठे पडत नव्हतं. चारी चाकांना जोर असलेली नवी फोर-व्हील बघायला तो गुढीपाडव्याला शोरूममध्ये गेला होता; किंमत ऐकून, पाणी पिऊन, थँक्यू म्हणून परत आला. त्यानंतरचे सगळे रविवार जुन्या गाड्यांमागे गेले होते. सिंगल केबिनवाल्या पाहिल्या: हौदा मोठा, पेंढा भरपूर मावतो, पण आजारी माणसाला निजवायचं कुठे? माणसं फिरवायच्या जीप पाहिल्या: निजवता येतं, पण गोदामातला माल कशात न्यायचा? ही एकच अशी होती की आठवडाभर तबेल्यांना पेंढा टाकेल, गोदामांच्या फेऱ्या मारेल, आणि वेळ आली तर मागच्या सीटवर एक माणूस आडवा होईल.

"काका, मला तर हीच वाटते," तो खालूनच म्हणाला.

"वाटण्यावर गाड्या घेत नाय कोन. माझं ऐक. नवीन टू-व्हील पिकअप घे, मागच्याच चाकांना जोर असलेली. वॉरंटी भेटते, डिझेल कमी पिते, गोदामवाले नवीन गाडीलाच पहिलं काम देतात. फोर-व्हील वर्षातून किती दिवस लागणार तुला? पावसातले दोन-तीन महिने. त्याच्यासाठी बारा महिने हत्ती पोसशील?"

"टू-व्हील घेऊन बघितली, काका."

गाडीचं इंजिन थंड होताना टकटक करत होतं.

"हां," सावळाराम हळूच म्हणाला. "ते मी बोलत नव्हतो. तूच बोललास. टू-व्हील घेतली, वर चौदा लायटी लावल्या, मागे देवाचं चित्र काढलं. दादा तेव्हा सांगत होता, आपलं खाजण इचारात घे. तवा कोन बोलला, बाबा, तुमी जुन्या जमान्यातले?"

प्रितम गाडीखालून बाहेर आला. केसांत माती, डोळे लाल.

"आणि वाट कुणी विकली? जमीन तुमची होती, वाट सगळ्यांची होती. सही करताना एवढंसं लिहून घ्यायचं होतं, मागच्या घराला दहा फूट सोडा म्हणून. एवढंसं!"

"मला वकिलाने..."

"वकील आला होता का खुर्ची उचलायला?"

"गप ऱ्हा!" कमळ ओरडली. "दोघं बी गप ऱ्हा. ज्याला ऐकायला नको तोच हितं बसलाय."

सगळ्यांनी ओट्याकडे पाहिलं. हिरामण गाडीच्या चाकाकडे बघत होता.

"उन्हात सगळ्याच गाड्या चांगल्या," तो म्हणाला. सकाळभरातलं त्याचं पहिलं वाक्य. "आज खाजणातून सायकल बी येते. ही श्रावणात येल का, ते सांगा."

मितेशने टायरवर थाप मारली. "काका, गॅरंटी."

"श्रावण दाखव."

"आता काका, उन्हाळ्यात श्रावण कुठून दाखवू?"

हिरामण उठला, लुंगी वर खोचली आणि मागच्या दाराने बांधाकडे चालू लागला. बायको गेल्यापासून तो असाच मधेच उठून शेताकडे जाई. कुणी विचारलं नाही.

*

प्रितमच्या बायकोने, क्षितिजाने, स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. सातवा महिना, पोट ओट्याला लागतं म्हणून ती तिरकी उभी राहून भाकऱ्या थापत होती. शेवटची भाकर उतरवून ती बाहेर आली आणि सरळ गाडीच्या मागच्या दाराशी गेली.

"उघडा जरा."

मितेशने दार उघडलं. ती दांडीला धरून चढली, पाय आत घेतले, आणि सगळ्यांच्या देखत सीटवर आडवी झाली. गुडघे थोडे मुडपावे लागले. डोकं टेकत होतं. वर छताचं कापड एका कोपऱ्यात सुटलं होतं.

कमळ दारात येऊन उभी राहिली, आवाज खाली करून म्हणाली, "बरी हायस ना गो?"

"बघतेय मावते का."

"क्षितिजा, माजं ऐक. गाडी घेऊदे नायतर नको. तू पडघ्याला तुज्या आईकडं जा. रस्त्यावरचं घर हाय, दवाखाना समोर. मी सावल्याला बी बोलून ठेवलाय. त्याचा वरचा मजला रिकामा हाय, दादाला न् प्रितमला तितं न्हेऊ. हे घर आता मानसांचं ऱ्हायलं न्हाय."

म्हणजे आत्याही आता घर सोडायच्या बाजूला गेल्या होत्या. क्षितिजाला राग आला नाही, फक्त थकवा आला. मागच्या आठवड्यात ह्याच आत्या म्हणत होत्या, घर सोडलंत तर पार्वतीला कुठं शोधू?

"आत्या, मी प्रितमला एकदाच सांगितलंय. पाऊस लागायच्या आत खाजण ओलांडणारी गाडी दारात उभी राहिली तर मी इथेच राहीन, माझं बाळ इथेच घरी येईल. नाही राहिली तर मी आईकडे जाईन. आणि गेले तर परत नाही येणार. बाळाला घेऊन त्या चिखलाकडे बघत बसायची हिंमत नाही माझ्यात."

"आनि राहवंसं वाटतं तुला?"

क्षितिजा छताकडे बघत राहिली. राहावंसं वाटत होतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी विहिरीवर नेलं होतं. शेताच्या टोकाला बुटक्या कठड्याची विहीर. तीन बाजूंना खारं पाणी आणि मधोमध ही गोड. "पी," म्हणाल्या, "खाडीच्या तोंडातून काढलेला घास हाय हा." ते पाणी, चिंचेची सावली, पहाटे बांधावर उतरणारे बगळे. आणि प्रितमचं तोंड. भाड्याच्या खोलीत त्याचं हे तोंड कसं होईल, ते तिला नको होतं.

"वाटतं," ती म्हणाली.

कमळने तिच्या पायावर हात ठेवला. "मग घेऊदे गाडी. मी सावल्याला बघते."

इतक्यात क्षितिजाने उठता उठता खिडकीतून बाहेर पाहिलं. खाजणात काहीतरी लकाकत होतं. तड्यांतून आधी रेषा चमकल्या, कुणी चांदीच्या तारेने जमीन शिवावी तशा. मग रेषा एकमेकींना मिळाल्या, आणि बघता बघता सगळं खाजण आभाळाच्या रंगाचं झालं.

हिरामण बांधावरून परत येत होता. लुंगी मांडीपर्यंत भिजलेली.

"मामा, पाणी कुठून आलं?" क्षितिजाने सासऱ्याला विचारलं.

"उघाडीची फळी काढली," तो म्हणाला. उघाडी म्हणजे बांधातली दगडी मोरी. सागाची फळी खाली सोडली की खाडी बाहेर, फळी वर काढली की खाडी आत. "घटकाभर येऊदे पानी. भरती संपत आलीय, आता फिरंल. अजून आवस यायचीय, पान्याला जोर न्हाय." मग मितेशकडे वळून म्हणाला, "घे. झाला श्रावण."

*

पाणी जिरायला, माती फुगायला थोडा वेळ दिला. मितेश कुरकुरला, खारं पाणी आहे, चेसिस खराब होईल. हिरामण म्हणाला, धुऊन देतो, विहिरीला गोड पानी हाय. मग प्रितम स्टिअरिंगवर बसला, मितेश त्याच्या शेजारी. मागे हिरामण, आणि मला मागे ठेवून जाऊ नका म्हणत चपला हातात घेतलेला सावळाराम.

"आधी टू-व्हीलवर घाल," हिरामण म्हणाला.

"कशाला, बाबा?"

"घाल."

गाडी उतरली. थोडी गेली, डावीकडे सरकली, मागची चाकं भुईत तोंड खुपसून गरगरू लागली. काचेवर चिखलाचा सडा उडाला. हिरामणला हा आवाज माहीत होता. श्रावणात हाच आवाज त्याने ऐकला होता; प्रितम दात खाऊन रेस देत होता, चाकं जितकी फिरत तितकी खाली जात होती, आणि हिरामणच्या हातातल्या खुर्चीत पार्वती म्हणाली होती, "पोराला सांगा, नको रडू."

"बास, भाऊ," मितेश म्हणाला. "आता नॉब फिरवा. लो टाका. रेस देऊ नका, नुसता क्लच सोडा."

गाडीच्या पोटात काहीतरी खट्कन बसलं. क्षणभर ती थरथरली, आणि मग चारी चाकांनी माती धरली. म्हैस डबक्यातून उठते तशी, घाई न करता, अंग झटकत गाडी उठली आणि चालू लागली. चिखल दारापर्यंत येत होता आणि मागे पडत होता. खाजणाचा मध्य आला, गेला. बांधाचा चढ आला. नाक वर करून ती चढली, आणि गोदामाच्या भिंतीच्या टोकाला, अँब्युलन्स थांबली होती तिथे, उभी राहिली.

"आयला!" प्रितम ओरडला. तो हसत होता. दहा महिन्यांत त्याचे दात कुणी पाहिले नव्हते. सावळारामने चपलांनीच त्याच्या पाठीवर थाप मारली. "घे रे, घे! मी ऱ्हातो जामीन. हत्ती तर हत्ती!"

 हिरामणने सीटवर मधल्या रिकाम्या जागी हात ठेवला होता, आणि तो हात तो उचलत नव्हता.

तेवढ्यात खाजणापलीकडून कमळची हाक आली. मांडव भरून टाकणारा तो गळा; पाण्यावरून घासत आला.

"दादाऽऽ! फळी घाल! आवस काल झालीऽऽ!"

हिरामणने ऐकलं. पहिल्यांदा अर्थ लागला नाही. रोज सकाळी चहाचा कप देताना पार्वती तिथी सांगायची, आज अष्टमी, भांगाची मंद भरती, आज आवस, मोठं उधाण, आणि तेवढ्यावर त्याची खाडी चालायची. गेले दहा महिने चहा सून देत होती. ती साखर विचारायची. तो बोटांवर मोजत होता, आणि बोटं कुठेतरी सुटली होती. रात्री आभाळाकडे बघायचं तर त्याने केव्हाच सोडलं होतं.

पाणी फिरलं नव्हतं. उधाण आत्ता कुठे चढत होतं.

*

फळी काढायला एक माणूस पुरतो. आतल्या खाचेत दोर घालून ओढली की खाडीच तिला वर ढकलते. घालायला मात्र, चढत्या पाण्याविरुद्ध, गाव लागायचं. दोघं वरून दाबायला, दोघं पाण्यात खांदा लावायला, वर मातीच्या पाट्या टाकायला बायका. तेव्हा बांध सगळ्यांचा होता. आता बांधाच्या अलीकडची शेतं गोदामांची, आणि गोदामाला खारं-गोडं काही कळत नाही.

चौघे पळत उघाडीवर आले. मोरीतून पाणी आत घुसत होतं ते गर्जत. प्रितम आणि मितेश छातीएवढ्या पाण्यात उतरले. सावळारामने पांढऱ्या पँटसकट उडी मारली. चपला वाहून गेल्या, त्याने बघितलंही नाही. हिरामण वर, फळीच्या डोक्यावर सगळा भार टाकून.

"काका, खांदा इथे!"

"इथेच हाय रे, सरकतोय माझा पाय!"

कमळ बांधावरून धापा टाकत आली. मातीची पाटी नव्हती, बायका नव्हत्या. मग तिने एकच गोष्ट होती ती काढली. फळी घालताना म्हणायची ओवी, जी तिच्या आईने म्हटली होती, पुरुषांनी शेवटच्या शब्दावर जोर लावायचा म्हणून:

*माती माऊली उभी ऱ्हा, खाडी सासूरवासीन,*
*तिला म्हना बाहेर बस, घरी लेकरू तान्हं गो...*

"तान्हं!" म्हणून चौघांनी जोर केला. फळी वीतभर उतरली.

*माजे भावाचं शेत गो, आईनं लावला कुंकू,*
*खाऱ्या पान्यानं पुसू नको, नको गो...*

"नको!" फळी अजून उतरली, तिरकी झाली, आणि मोरीच्या दगडात अडकली. पाण्याने तिला खालून एकच धक्का दिला. जुना साग कडकडून मधोमध चिरला. अर्धा तुकडा आत शेतात वाहत गेला, अर्धा हिरामणच्या हातात राहिला.

कमळ तिसरी ओवी म्हणणार होती. 

ते बांधावर बसून राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पाणी खाजण भरून शेतात आलं. भाजून काळे करून ठेवलेले राब, जिथे पंधरवड्यात भात पेरायचं होतं, ते एकेक करून विझल्यासारखे पाण्याखाली गेले. पाणी बांधाबांधाने सरकत, घाई नसलेल्या पाहुण्यासारखं, शेताच्या टोकाला गेलं. विहिरीचा कठडा बुटका होता.

"मी विकली, मी विकली," सावळाराम चिखलात मांडी घालून म्हणत होता. "वाट मी विकली. मानसं असती तर..."

"काका, उठा," प्रितम म्हणाला. त्याने काकाच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. सकाळी एकमेकांच्या अंगावर गेलेले ते दोघे आता एकमेकांना धरून उभे होते, आणि त्यात समेट नव्हता. चिखल निसरडा होता, एवढंच.

*

उन्हं उतरली तेव्हा पाणी ओसरू लागलं. खाडीतलं ओसरलं, शेतात आलेलं तिथेच राहिलं, सगळीकडे, गुलाबी होऊन.

क्षितिजाने विहिरीत कळशी सोडली. वर काढली. ओंजळ भरून तोंडाला लावली. प्रितम तिच्या मागे उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने ओंजळ खाली सोडली, कळशी कठड्यावर पालथी घातली आणि घरात जाऊन बॅग भरायला घेतली.

"किती वर्षं लागतात गोड व्हायला?" तिने आतून विचारलं.

"तीन पावसाळे. बांध राहिला तर," प्रितम म्हणाला.

"मग तीन पावसाळे," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी राहणार होते रे."

तो दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभा राहिला.

खाजणातून पुन्हा अंगणात आणलेली गाडी घेऊन मितेश परत निघाला होता. ह्या घरात आता व्यवहाराचं बोलायचं नसतं एवढं त्याला कळत होतं. हिरामणने त्याला अडवलं.

"गाडी घेतली."

"दादा!" कमळ म्हणाली. "आता काय न्ह्यायचं हाय रे हितून? पेंढा न्हाय, भात न्हाय..."

"गाडी खरी हाय. त्यानं सांगितलं तसं केलान तिनं. घेतली."

 जामीन राहतो, एवढं सावळारामने मानेने सांगितलं.

कमळने पिशवीला हात लावला नाही. क्षितिजाची बॅग हौद्यात ठेवली, तिचं अंथरूण ठेवलं. क्षितिजा पुढच्या सीटवर बसली, पडघ्यापर्यंत वाटेत हिसके बसू नयेत म्हणून कमरेमागे उशी घेऊन. प्रितमने गाडी सुरू केली. तेव्हा मागचं दार उघडलं आणि हिरामण चढला.

"बाबा, तुम्ही?"

"गोदामाच्या गेटापर्यंत येतो. मंग उतरीन, चालत येन मागं."

तो बसला नाही. सकाळी क्षितिजा निजली होती तसा, गुडघे मुडपून, तो सीटवर आडवा झाला. चिखलाचे पाय दाराला टेकले. त्याने एक हात छातीवर ठेवला.

"चालव," तो म्हणाला. "रेस देऊ नको. तुज्या आईला हिसका बसंल, असा समजून चालव."

प्रितमने मागे वळून पाहिलं. मग समोर पाहिलं. नॉब फिरवली, लो गियर टाकला, नुसता क्लच सोडला. गाडी पाण्यात उतरली. क्षितिजाने डोळे मिटून घेतले होते. मागून बापाचा श्वास ऐकू येत होता, लांब, धरून सोडलेला. खाजणाच्या मध्यावर गाडी थोडी डोलली, पाळणा डोलतो तेवढीच, आणि पुढे निघाली. बांध चढली. भिंतीच्या टोकाला येऊन थांबली. गेटवरच्या वॉचमनने हातातल्या टॉर्चने इशारा केला, "साइड में लो, भैया, गाडी आनेवाली है."

"पोचलो?" मागून आवाज आला.

"पोचलो, बाबा."

हिरामण उठला नाही. सुटलेल्या कापडाच्या छताकडे बघत तो तसाच पडून राहिला.

"एवढंच व्हतं?" तो म्हणाला.